कातोंगोंच्या आडव्या रेघा

माझे सगळेच्या सगळे बोअर आकाशात गेले होते.

एकशे त्रेचाळीस बोअर, आणि त्यातला एकही जमिनीत नाही. पडद्यावर आमची कासालूची टेकडी पालथ्या टोपलीसारखी दिसत होती आणि तिच्या पाठीवर साळिंदराचे काटे उभे राहावेत तसे ते वर गेले होते. मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. मी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. मोडायचं ते मोडून झालं असेल, निदान आणखी काही मोडू नये.

"बा एस्नात, तुमच्या खाणीत तांबं ढगात सापडतं वाटतं," सिचोने म्हणाले. आमच्याकडे मानाने हाक मारताना नावाआधी बा लावतात, मग बाई असो की पुरुष.

सिचोने राजधानीतून, लुसाकाहून आले होते, आम्हाला खाणीचं नवं सॉफ्टवेअर शिकवायला. दहा दिवसांची शिकवणी. शिकता शिकताच जमिनीखालचा नकाशा आणि खाणीचा पुढचा आराखडा तयार करायचा आणि दुसऱ्या शुक्रवारी तो वरच्या कचेरीत पाठवायचा, असं ठरलं होतं. शिकायला आम्ही पाच जण. चौघं कॉलेजातून आलेली, आणि पाचवी मी, कोर-शेडची कारकून, वय चौपन्न, शिक्षण नववी. बोअर मारताना जमिनीतून दगडाच्या लांब कांड्या, म्हणजे कोर, निघतात, त्या पेट्यांमध्ये रांगेने लावून जपायच्या, त्यांच्या नोंदी ठेवायच्या, हे माझं काम.

"आकडे मी बरोबर घातलेत," मी म्हणाले. "साठ अंश. वहीत साठच आहे."

"साठ खाली का साठ वर?"

"अहो, बोअर खालीच जाणार ना! वर कशाला जाईल, आंबे पाडायला?"

आता सगळेच हसले. सिचोनेही हसले. उंच, शांत माणूस, थंडीमुळे गळ्याला मफलर गुंडाळलेला. "ते तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. ह्याला नाही माहीत. ह्याच्या लेखी खाली म्हणजे उणे. साठाच्या आधी उणे टाका. आणि एक ध्यानात ठेवा बा एस्नात, हे यंत्र हुशार नाही, आज्ञाधारक आहे. तुम्ही सांगाल तेवढंच त्याला कळतं."

मी उणे टाकलं. एकशे त्रेचाळीस काटे एकदम फिरले आणि टेकडीच्या पोटात शिरले.

तीस वर्षं मी हे बोअर पाहत आले होते, पण एकेक करून, कागदावर, पेटीत. सगळे एकत्र, जमिनीत जसे आहेत तसे, कधीच पाहिले नव्हते. हे एका माणसाने मात्र डोक्यात साठवलेलं होतं, आणि तो माणूस दोन वर्षांपूर्वी गेला.

"बघा बघा," शेजारून मुताले म्हणाली, "पूर्वेकडच्या बाईच्या हातात माउस दिलाय. जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकला तर नशीब."

मुताले काबासो आमची भूगर्भतज्ज्ञ, खाणीच्या त्या विभागाची प्रमुख. वय एकोणतीस. माझ्या मुलीपेक्षा लहान, मला मायो म्हणजे आई म्हणते. पण ती बेंबा जमातीची आणि मी पूर्वेकडची, न्गोनी, म्हणजे आम्ही एकमेकींच्या चिंबुया. आमच्यातलं हे नातंच थट्टेचं आहे. ते आम्हाला उंदीरखाऊ म्हणणार, आम्ही त्यांना माकडखाऊ म्हणणार, आणि जो रागावेल तो मूर्ख.

"तू तुझं माकड सांभाळ," मी म्हटलं. "खुर्चीवर बसलंय ते."

"मायो, ते मीच आहे."

"मग बरोबर ओळखलं मी."

वेबस्टर कातोंगोही बेंबाच होते. मुतालेच्या आधी तीस वर्षं ते इथे भूगर्भतज्ज्ञ होते आणि तीस वर्षांत त्यांनी मला एकदाही नुसत्या नावाने हाक मारली नाही. "उंदीरखाऊ, सत्तर नंबरची पेटी आण." "उंदीरखाऊ, चहात साखर आहे का नुसतीच तुझी माया?" मीही मागे राहिले नाही.

मी त्यांच्याकडे आले ती झाडूवाली म्हणून. नवरा खाणीत इंजीन चालवायचा, मोठी छाटणी झाली त्यात त्याचं नाव आलं, आणि मी शेड झाडायचं काम धरलं. तिसऱ्याच आठवड्यात माझ्या कोपराचा धक्का लागून एक पेटी खाली आली. पाच रांगा कांड्या, कितीतरी तुकडे, सगळे जमिनीवर. कांड्यांचा क्रम गेला म्हणजे सगळंच गेलं, कुठला दगड किती खोलीवरचा ते कधीच कळत नाही. इतकं मला तोवर समजलं होतं. नोकरी गेली, हे त्याच्याआधी समजलं. शेडमध्ये कोणी नव्हतं. पळून जायच्याऐवजी मी फतकल मारून बसले आणि तुकडा तुकड्याला लावून पाहू लागले. मोडलेल्या टोकाला त्याचंच टोक बसतं, दुसऱ्याचं बसत नाही. फुटलेलं मडकं जुळवतात तसं. तीन तास गेले. शेवटचा तुकडा बसवून वर पाहिलं, तर कातोंगो दारात उभे. कधीपासून, देव जाणे.

त्यांनी पेटी तपासली. खिशातून भिंग काढून प्रत्येक सांधा पाहिला. मग म्हणाले, "झाडू कोणाला तरी देऊन टाक."

मला वाटलं काढलंच. डोळ्यांत पाणी आलं.

"रडतेस काय? उंदीर मिळाला नाही का आज?" आणि कानावरची पेन्सिल काढून त्यांनी माझ्या हातात दिली. "उद्यापासून लिहायचं."

त्या पेन्सिलीवर माझं घर चाललं, दोन मुलं शिकली, मुलगी मडालित्सो नर्स झाली. हे मी त्यांना कधी सांगितलं का? नाही. चिंबुयाचे आभार मानायचे नसतात. आमच्यात ते शोभत नाही. टोमणा मारायचा, त्यातच सगळं आलं.

कातोंगोंचं एकच वेड होतं: दक्षिण. खाण टेकडीच्या उत्तरेला आहे. दक्षिणेच्या उतारावर मुसुकूची झाडं आहेत आणि त्यांच्याखाली तांबं आहे, उत्तरेपेक्षा भारी आहे, असं ते साहेब बदलला की नव्या साहेबाला सांगायचे. साहेब ऐकून घ्यायचे. कातोंगोंनी दक्षिणेला हट्टाने एकतीस बोअर मारून घेतले होते, पण कागदावर त्यातून फार काही दिसत नव्हतं. "वेळ आली की कळेल," म्हणायचे. वेळ यायच्या आत छातीच्या दुखण्याने गेले.

त्यांच्या मयताला मी चिंबुया म्हणून गेले होते. चिंबुयाचं कामच ते. बाकीच्यांनी रडायचं, आपण मेलेल्याचीही थट्टा करायची, म्हणजे घरच्यांना श्वास घेता येतो. मी खड्ड्याच्या तोंडाशी जाऊन फावडं हिसकावून घेतलं आणि सगळ्यांसमोर ओरडले, "ओ माकडखाऊ, जन्मभर आम्हाला छळलंत दक्षिण दक्षिण करून! आता चाललाच आहात खाली, तर तांबं आहे का ते बघून सांगा. नाहीतर कायमचं तोंड बंद ठेवा!" त्यांची बायको रडता रडता हसली. मग मी फावडं टाकून मुसुकूच्या झाडाआड गेले, ते वेगळं.

त्यानंतर दोन वर्षं खपून मी त्यांच्या सगळ्या वह्या दोन बोटांनी कॉम्प्युटरवर चढवल्या. प्रत्येक बोअर, प्रत्येक मीटर, तांबं किती टक्के. त्यांनी जसं लिहिलं तसं. आकडा तर आकडा, आणि जिथे त्यांनी आडवी रेघ ओढली होती तिथे मीही आडवी रेघ.

शिकवणीच्या तिसऱ्या दिवशी त्याच रेघांवर गाडी अडली. टक्क्यांची यादी सॉफ्टवेअरमध्ये घालायला गेले तर लाल अक्षरांत तक्रारींची ही रांग लागली.

"हे काय?" सिचोने वाकून म्हणाले. "आकड्यांच्या रकान्यात रेघा कसल्या? ह्याला आकडे लागतात. काढा सगळ्या, शून्य घाला."

"सगळ्या?"

"एकेक नाही हो. हे बघा. इथे रेघ लिहायची, इथे शून्य. आता दाबा."

मी दाबलं. *चारशे बारा ठिकाणी बदल केला,* असं उमटलं. जतन करा, तेही दाबलं. लाल अक्षरं गेली, यादी निमूट आत गेली. ज्या रेघा ओढायला मला दोन वर्षं लागली त्या एका टिचकीत गेल्या, आणि मला काय आनंद झाला म्हणून सांगू! घरी जाऊन नवऱ्यालाही ऐकवलं. तो म्हणाला, "मग आता भाजी पण ह्याच्यावर होते का बघ."

त्याच दिवशी सिचोने आणखी एक म्हणाले होते. "नोंद कोणी केली, हा रकाना उडवा. कोणी लिहिलं ह्याने दगडाला काय फरक पडतो?" त्या रकान्यात बहुतेक ठिकाणी वे. का. अशी दोन अक्षरं होती. मी ऐकू न आल्यासारखं केलं. वयाचा एवढा तरी फायदा असावा.

दुसऱ्या आठवड्याच्या मंगळवारी नकाशा तयार झाला. बोअरमधले आकडे घेऊन कॉम्प्युटर मधली सगळी जमीन भरून काढतो, साबणाच्या वड्या रचल्यासारखे ठोकळे करतो आणि त्यांना रंग देतो. भारी तांबं लाल, मग नारिंगी, पिवळा, आणि काही नसलं की राखाडी. सगळे मुतालेच्या खुर्चीमागे गोळा झालो. तिने टेकडी हळूहळू फिरवली. उत्तर लाल-नारिंगी होती. मग दक्षिण समोर आली.

राखाडी. या टोकापासून त्या टोकापर्यंत राखाडी.

मुतालेही नोकरीला लागली तेव्हा पहिलं वर्षभर कातोंगोंच्या हाताखाली होती.

"म्हणजे दक्षिणेला काही नाही," ती शेवटी म्हणाली.

"आकडे तर तेच सांगतायत," सिचोने हळू आवाजात म्हणाले. "मग आराखडा सरळ आहे. उत्तरेचा खड्डा मोठा करायचा आणि निघणारा टाकाऊ दगड दक्षिणेच्या उतारावर टाकायचा. जवळ पडतं."

"आणि खाण किती वर्षं चालेल?"

"चार. फार तर साडेचार."

चार वर्षं. मग खाण बंद, आणि आमच्या वस्तीत खाणीशिवाय आहे काय? दवाखाना खाणीचा, शाळा खाणीची, नळाचं पाणी खाणीचं. माझा नातू दुसरीत होता. मी मनात त्याच्या इयत्ता मोजल्या. आणि दक्षिणेवर एकदा साठ मीटर उंच दगडाचा डोंगर पडला की खाली सोनं असलं तरी पुन्हा कोणी उकरायला जात नाही.

त्या संध्याकाळी मी मक्याच्या पिठाची न्शिमा ढवळता ढवळता पातेल्यावर इतकी आदळआपट केली की नवरा चुलीपाशी आला. "काय झालं?"

"कातोंगो खोटं बोलला."

"मेलेल्या माणसावर कसला राग धरतेस?"

"मेलाय म्हणूनच. जिवंत असता तर जाऊन भांडले असते."

पण राग काही जाईना. तीस वर्षं ज्या माणसाच्या शब्दावर मी डोळे मिटून चालले, तो नुसता स्वप्नं बघत होता? बुधवारी दुपारी डबा घेऊन मी शेडमध्ये गेले, एकटीच. खरं सांगायचं तर भांडायलाच गेले. दक्षिणेचा सत्त्याण्णव नंबरचा बोअर, त्यांचा सगळ्यात लाडका. पेटी ओढून काढली, शेजारी डबा उघडला आणि एका हाताने न्शिमाचा गोळा कापेंटा मासळीच्या रश्श्यात बुडवत दुसऱ्या हाताने कांड्यांवर पाणी ओतलं. ओला केल्याशिवाय दगड बोलत नाही.

करडा दगड, करडा दगड, कडक. मग एक लाकडाचा तुकडा. मग पुन्हा करडा दगड.

लाकडावर त्यांचं अक्षर होतं, फिकट झालेलं. *हरवलं. दोन मीटर चाळीस.*

माझा घास तोंडातच राहिला.

लाकडाचा तुकडा का ठेवतात, हे मला कातोंगोंनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. बोअर मारताना पाणी सोडतात. कडक दगड टिकतो, कांडी होऊन वर येतो. मऊ दगड पाण्याबरोबर वाहून जातो. जिथे दगड हाती लागलाच नाही तिथे पेटीत लाकूड ठेवायचं आणि वहीत रेघ ओढायची. दगडच नाही, तर टक्के कशाचे काढणार? "आणि ऐक उंदीरखाऊ," ते म्हणाले होते, "आपल्या टेकडीत कडक दगड गरीब आणि मऊ दगड श्रीमंत. म्हणून लाकूड दिसलं की टोपी काढायची. तिथून मोठा माणूस गेलाय."

आणि मी त्या मोठ्या माणसाच्या जागी चारशे बारा शून्यं ठेवून आले होते. माझ्या हाताने. वर आनंदाने.

डबा तसाच टाकून मी पळाले. चौपन्नाव्या वर्षी, कमरेला गुंडाळलेलं चिटेंगे गुडघ्यापर्यंत धरून, शेडपासून कचेरीपर्यंत. वर्गात सगळे चहा घेत होते. दारात उभी राहून मला आधी श्वासच घेता येईना.

"काय झालं मायो? साप?" मुताले उठली.

"दक्षिण मी मारली," मी म्हणाले.

मग सगळं सांगितलं. लाकूड, रेघ, शून्य. सांगताना मला एक सोपी वाट दिसत होती. शून्य घाला असं सिचोनेच म्हणाले होते, सगळ्यांनी ऐकलं होतं. मुताले तेच म्हणाली, "पण तुम्हाला तर सांगितलं होतं तसं करायला."

"त्यांना रेघेचा अर्थ माहीत नव्हता," मी म्हटलं. "मला होता. विचारायला हवं होतं. चूक माझी."

आता काढतील, असं मला वाटलं. डिसेंबरात माझा करार संपतच होता.

सिचोनेंनी चहाचा कप खाली ठेवला. "मला पुन्हा सांगा. रेघ म्हणजे तांबं नाही असं नाही?"

"नाही. रेघ म्हणजे दगड हरवला. बघितलाच नाही."

"म्हणजे माहीत नाही."

"म्हणजे माहीत नाही."

त्यांनी मफलर काढून हातात धरला. "अकरा खाणींत शिकवलंय मी हे," म्हणाले. "दर ठिकाणी रेघ दिसली की म्हणायचो, शून्य घाला. एकाही ठिकाणी कोणी पळत आलं नाही." आणि मग ते उठून माझ्यासमोर आले, थोडे गुडघ्यात वाकले आणि दोन्ही हातांनी हळू टाळी वाजवली, आमच्याकडे वडीलधाऱ्यांना मान द्यायला वाजवतात तशी. मला कुठे बघावं कळेना.

"ते राहू द्या," मी म्हटलं. "रेघा परत कशा आणायच्या ते सांगा. शून्याच्या जागी पुन्हा रेघ घालू?"

"खरी शून्यंही असतील की यादीत? दगड आला, तपासला आणि तांबं निघालं नाही, अशी?"

होती. शेकड्यांनी होती. आता यंत्राच्या लेखी सगळी शून्यं सारखी. आणि जुनी यादी? तिच्यावरच मी जतन केलं होतं.

"मग एकच उपाय," मुताले म्हणाली आणि बाह्या सारू लागली. "वह्या काढा."

गुरुवारचा पूर्ण दिवस आणि शुक्रवारी दुपारपर्यंत, कॉलेजात शिकलेली चौघं आणि लुसाकाचे मास्तर, सगळे माझ्या शेडमध्ये जमिनीवर बसले. मी वही वाचायची. जिथे कातोंगोंचं अक्षर लागत नव्हतं तिथे पेटी काढून लाकूड आहे का ते पाहायचं. सिचोनेंची विजार गुडघ्यावर पांढरी झाली. एकदा त्यांनी एक कांडी उलटी ठेवली आणि मी अशी ओरडले की ते दचकून माफी मागायला लागले.

"मास्तर, घाबरू नका," मुताले म्हणाली, "उंदीर पळाला की त्या अशाच ओरडतात."

"तू बोल माकडे, तीनशे अठ्ठेचाळीस झाले. अजून चौसष्ट."

चारशे बारा पुरे झाले तेव्हा शुक्रवारचे दीड वाजले होते. या वेळी रेघ नाही आणि शून्यही नाही, जागा कोरी सोडली. कोऱ्या जागेला यंत्र हात लावत नाही, आजूबाजूच्या आकड्यांवरून अंदाज बांधतं आणि किती खात्रीचा ते वेगळं सांगतं. हे सिचोनेंनी मला शेजारी बसवून नीट शिकवलं. मुतालेने टेकडी फिरवली.

दक्षिण आता राखाडी नव्हती. लालही नव्हती, खोटं कशाला बोलू. फिकट पिवळी, मधे मधे नारिंगी, आणि बरीचशी जागा तिरप्या रेघांची, म्हणजे खात्री नाही अशी.

"इथे तांबं आहे असं मी लिहिणार नाही," सिचोने म्हणाले.

"नका लिहू," मुताले म्हणाली. "नाही, असं पण लिहू नका."

टाकाऊ दगडाचा डोंगर तिने पश्चिमेला हलवला. लांब पडतो, वरून बोलणी खावी लागतील, हे माहीत असून हलवला. खाली एक ओळ लिहिली: दक्षिणेला नवे तीन बोअर मारून पाहावेत, सावकाश, कमी पाण्यावर. आणि सही केली. त्या पोरीची सही मी तेव्हा पाहिली, सरळ आणि ठसठशीत. तिचे उपकार मी विसरणार नाही. तिला मात्र एवढंच म्हणाले, "माकडांना अक्षर बरं येतं हल्ली."

ऑक्टोबरच्या काहिलीत पहिला बोअर संपला, जुन्या सत्त्याण्णव नंबरच्या अगदी शेजारचा. ट्रक शेडला लागला, पेट्या उतरल्या. मी पहिली पेटी उघडली, पाणी ओतलं.

करडा दगड, करडा दगड, आणि मग काळसर मऊ दगड, हिरव्या शिरांनी भरलेला. बोटाने दाबला तर ठसा उमटेल इतका मऊ. दोन मीटर चाळीस नव्हे, सव्वातीन मीटर. लाकडाचा तुकडा कुठेच नव्हता. मी डोक्याचं फडकं सोडलं आणि हातात घेऊन उभी राहिले. ट्रकवाल्याला वाटलं, मला ऊन लागलं.

बाकीचे दोन बोअरही तसेच निघाले. वरच्या कचेरीचं पत्र आलं. खाण किती वर्षं चालेल ह्याचा नवा आकडा अजून कोणी छातीठोकपणे सांगत नाही, पण दक्षिणेवर डोंगर टाकायचं आता कोणी नाव काढत नाही. माझा करारही वाढला. नव्या पोरांना कोर वाचायला आणि सॉफ्टवेअरमध्ये भरायला शिकवायचं, असं त्यात लिहिलंय. पहिला धडा मी उणे चिन्हाचा घेते. दुसरा, कोऱ्या जागेचा.

त्या तीन बोअरच्या नोंदी मी केल्या. भरून झाल्या त्या दुपारी वर्गात कोणी नव्हतं. सिचोनेंनी जाता जाता शिकवलेली एक गोष्ट मला करून पाहायची होती. बोअरना पाहिजे त्या रकान्याप्रमाणे रंग देता येतो. खोलीप्रमाणे, दगडाप्रमाणे, टक्क्यांप्रमाणे. मी तो रकाना निवडला जो उडवायला सांगितला होता आणि मी उडवला नव्हता. नोंद कोणी केली. वे. का. ला निळा दिला, माझ्या ए. सा. ला पिवळा. आणि दाबलं.

सगळी टेकडी निळी झाली.

एकशे एकोणीस बोअर, वरपासून तळापर्यंत निळे. उत्तरेला निळे, दक्षिणेला निळे, कुठे खोल, कुठे तिरपे, कुठे एकाला एक खेटून. एका माणसाची तीस वर्षं, मीटर मीटर करून खाली गेलेली. मधे मधे माझे पिवळे होते, पहिला कुठला तेही मला ओळखू आलं. आणि दक्षिणेला, त्यांच्या गर्दीत, तीन नवे.

त्यांनी हे असं कधी पाहिलं नाही. रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या कागदांवरून त्यांनी ते डोक्यात जुळवलं होतं. मी पेटी जुळवली होती तसं.

मी दाराकडे पाहिलं. कोणी येत नव्हतं.

"सांगितलंत हो, माकडखाऊ," मी पडद्याला म्हणाले. "मीच उशिरा ऐकलं."

चिंबुयाचे आभार मानायचे नसतात. मी खुर्चीवरून उठले, गुडघ्यांत वाकले आणि दोन्ही हातांनी हळू टाळी वाजवली. मग खिडकी लावून घेतली, कॉम्प्युटर बंद केला आणि शेडमध्ये गेले. ओल्या कांड्या वाळल्या होत्या, पेट्यांवर झाकणं घालायची राहिली होती.